दुसरी वही

शिरगाव,
७ डिसेंबर १९८६

सौ. सुशीलाताईस धाकट्या मावसभावाचा, गुरुदासचा, नमस्कार.

आज पाकीट पुन्हा परत आलं. स्वतःच्या हाताने स्वतःचा पत्ता लिहून, तिकीट चिकटवून गोष्टीसोबत पाठवलेलं पाकीट. सगळ्यांना दुसऱ्यांच्या अक्षरातली पत्रं येतात, मला माझ्याच अक्षरातली येतात. पोस्टमन आता खाणीच्या वजनकाट्यापर्यंत यायचे कष्टही घेत नाही. रस्त्यावरूनच ओरडतो, "गुरुदासबाब, तुमचें परत आयलां!" काट्यावर रांगेत उभे असलेले ट्रकवाले हसतात आणि मी मान खाली घालून मालाचं वजन लिहितो.

ही अकरावी गोष्ट. आमची ही, यशोदा, म्हणाली, "आतां पुरो करात." चिडून म्हणाली असती तर मीही चिडलो असतो. ती मायेने म्हणाली, तेच जास्त लागलं.

तर ताई, आता शेवटचा डाव. पुण्याच्या एका मासिकाने दीर्घकथेची स्पर्धा लावली आहे. गोष्ट त्यांच्याकडे रवाना करायची शेवटची तारीख ३१ डिसेंबर. माझी गोष्ट दोन वह्यांची. मालती नावाची बाई, खाणीच्या गावातली. तिची विहीर आटते. पण मुलाचं लग्न ठरत आलंय, आणि बिनपाण्याच्या घरात कोण मुलगी देणार? म्हणून ती हे साऱ्या गावापासून लपवते. पहिली वही यासोबत पाठवतो. दुसरी संपत आली आहे. शेवट आत्ता सांगत नाही, वाचशीलच.

माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. तुझं अक्षर शाळेच्या फळ्यावर पाहुणे उभे राहून बघतात. एवढी नक्कल करून दे. कागदाच्या एकाच बाजूला, समास सोडून. तूही एके काळी लिहीत होतीस, तुला नियम सांगायला नकोत.

ही परत आली तर मी सगळं बंद करीन. सगळं म्हणजे काय, ते माझं मलाच अजून माहीत नाही.

गुरुदास


धारगळ,
१२ डिसेंबर १९८६

चि. गुरुदास,

वही मिळाली. नक्कल करीन. मास्तरीण झाल्यापासून इतरांच्या चुका तांबड्या शाईने दाखवण्यात जन्म गेला, आता भावाच्या निळ्या शाईने उतरवते.

सुरुवात छान आहे. मालती पहाटे विहिरीत डोकावते आणि तिला स्वतःचं तोंड दिसत नाही, ते पान मी लगेच दुसऱ्यांदा वाचलं. पण बाबा, तुझी जुनी खोड ठाऊक आहे मला. तुझ्या गोष्टी नेहमी अशा झोकात निघतात आणि शेवटी कुणीतरी उभं राहून भाषण करतं. एकदा तर म्हशीच्या गोष्टीत तू तालुक्याचा मामलेदार बोलावला होतास. यावेळी तसं करू नकोस. दर खेपेला नवीन पेन घेणं आणि शुभमुहूर्त बघून पहिली ओळ लिहिणं याने गोष्ट होत नाही.

हे म्हणतात, बहीण-भाऊ दोघेही एकाच रोगाचे, फक्त ताईला उतार पडला. मी हसले.

दुसरी वही लवकर धाड. इथे भाषेवरून वातावरण तापलंय, बस कधी बंद पडतील नेम नाही. आणि "सगळं बंद करीन" असलं पुन्हा लिहू नकोस. यशोदेने वाचलं तर?

ताई


शिरगाव,
१७ डिसेंबर १९८६

ताई,

दुसरी वही आज संतोष कंडक्टरकडे दिली. डिचोलीहून म्हापसा, तिथून तुमच्या बसवाल्याच्या हाती देईल. उद्या संध्याकाळी धारगळच्या थांब्यावर कुणाला तरी उभं कर. ती माझी एकुलती एक प्रत आहे. कच्चं लिखाण मी चुलीत घातलं, मागे वळून बघायला काही उरू नये म्हणून.

तुला खरं सांगतो. सुट्टीच्या दिवशी मी जुन्या खाणीच्या खड्ड्यापाशी जाऊन बसतो. आत हिरवं पाणी साठलंय, खोली कुणाला ठाऊक नाही. बरोबर वही नेतो, पण लिहीत नाही. सदतीस वर्षांचा झालो. माणसाने काहीतरी एक गोष्ट तरी धड करावी की नाही? मला संसार धड जमला नाही, नोकरी ही अशी. लिहिणं एवढंच माझं होतं, तेही माझं आहे की नाही हे पुण्याचा एक माणूस ठरवणार.

एकतीस तारीख चुकवू नकोस. पाया पडतो.

गुरुदास


धारगळ,
२ जानेवारी १९८७

चि. गुरुदास,

तुझी गोष्ट गेली. तीस तारखेला हे सायकलवरून पेडण्याला गेले आणि रजिस्टर करून आले. पावती सोबत आहे, जपून ठेव.

उशिरा कळवते याबद्दल रागावू नकोस. बारा दिवस इथे बस नाही, टपाल नाही. भाषेच्या आंदोलनात रस्त्यावर झाडं आडवी टाकलेली. शाळा बंद. पोदेर पाव घेऊन आला नाही तेव्हा कळलं की गोष्ट गंभीर आहे. मला तेवढाच निवांतपणा मिळाला. दुपारी मेज जनेलाकडे, खिडकीच्या उजेडात ओढून घेतलं आणि बसले.

एकूण एकशे दहा पानं झाली. हात दुखतोय, पण बरा दुखतोय.

आता खड्ड्याकडे जायचं नाही. शपथ आहे तुला माझी.

ताई


शिरगाव,
९ मार्च १९८७

ताई! ताई! ताई!

पहिला नंबर!

संपादकांच्या स्वतःच्या अक्षरातलं पत्र आलंय. पोस्टमन सायकलवरून उतरला, पत्र दोन्ही हातांनी दिलं. मी काट्यावर दोन ट्रक तसेच सोडले. गोष्ट चैत्राच्या अंकात येणार. आणि ऐक, त्यांना कादंबरी हवी आहे! चतुर्थीपर्यंत पाठवा म्हणतात, छापायचं आम्ही बघू.

ते लिहितात, "विहीर कोरडी असताना मालती रोज सकाळी शेजार जागा होण्याच्या वेळी बादली आत सोडते, आणि भरलेली असल्यासारखी कमरेत वाकून, धापा टाकत वर ओढते, हा प्रसंग आम्ही संपादक मंडळींनी एकमेकांना वाचून दाखवला." गंमत बघ, हे मी नेमकं कधी लिहिलं तेच मला आठवत नाही! शेवटची पानं मी तापात असल्यासारखी लिहिली होती. भरात लिहिलं की असं होतं म्हणतात. हात लिहून जातो, डोक्याला पत्ता नसतो.

म्हणजे मी लेखक आहे ना गं, ताई?

गुरुदास


धारगळ,
१६ मार्च १९८७

चि. गुरुदास,

पत्र वाचून डोळे भरून आले. यांनी विचारलं, "किदें जालें?" मी म्हटलं, गुरुदासला बक्षीस मिळालं. देवापुढे साखर ठेवली.

अंक आल्यावर काही ठिकाणी वेगळं वाटलं तर मनाला लावून घेऊ नकोस. संपादक लोक थोडंफार बदलतात म्हणतात. भाषण वगैरे असलं तर काढतात.

तो बादलीचा प्रसंग त्यांनी खरंच एकमेकांना वाचून दाखवला? किती जण होते, लिहिलंय का? असेल तर कळव. सहज विचारते.

ताई


शिरगाव,
२१ एप्रिल १९८७

ताई,

अंक गेल्या आठवड्यात आला. मी यशोदेला वाचून दाखवला. माझं लिखाण ऐकताना जांभया देणारी बाई पदराने डोळे पुसत होती. मी वाचत होतो आणि माझ्या अंगावर काटा येत होता. उत्तरार्धातलं एकही वाक्य माझं नव्हतं. संपादकांनी बदललं असेल, असं तुझ्याच शब्दांनी मी मनाला समजावलं. एवढं कुणी बदलतं का, हा विचार आला की दुसरीकडे बघायचं.

काल डिचोलीच्या स्टँडवर संतोष भेटला. हात जोडून म्हणाला, "गुरुदासबाब, माफ करात. तुमची वही माज्या सीटीसकयल पेटयेंत उरली. त्या दिसा बस म्हापश्यां फुडें वचूंकूच ना. मागीर हांव विसरलों." आणि माझी दुसरी वही माझ्या हातात ठेवली. त्या दिवशी म्हापशाच्या पुढे बस गेलीच नाही, नंतर तो विसरला, आणि चार महिने ती बसच्या सीटखालच्या पेटीत फिरत होती. तुला मिळालीच नव्हती.

तिथेच बाकड्यावर बसून वाचली. मंत्री येतो. मालतीच्या दारात नळ देतो. चार पानांचं भाषण. ताई, तू बारा डिसेंबरला जे करू नकोस म्हणून लिहिलंस, नेमकं तेच. तू ती वही उघडल्याशिवायच मला वाचलेलं होतंस.

म्हणजे मी लेखक नाही. ते एक बरं झालं, कळलं.

पण आता मी काय करू? गावात मला लेखक म्हणतात. वाचनालयात सत्कार झाला, नारळ दिला, मी बोललोसुद्धा. मी त्यांना सांगितलं की बादलीचा प्रसंग मला काट्यावर बसल्याबसल्या सुचला. कुणाला सांगू नकोस. तुझ्या पाया पडतो, आणखी लाज सोडून एक मागतो. संपादकांची दोन स्मरणपत्रं आली. ती कादंबरी तू लिहून दे. नाहीतर मला एवढं खाली उतरावं लागेल, की पुन्हा वर यायची ताकद माझ्यात नाही.

गुरुदास


धारगळ,
२७ एप्रिल १९८७

चि. गुरुदास,

रडू नकोस. लपवलं ही चूक माझी.

अठरा, एकोणीस, वीस, रोज थांब्यावर हे उभे राहिले. वही आली नाही. तुला विचारायला टपाल नाही. समोर तुझं ते हिरव्या पाण्याचं पत्र, टपाल थांबण्याआधी शेवटचं आलेलं. मी ठरवलं, पुण्याला काहीतरी गेलं पाहिजे, भलेही नंबर न येवो. तीन दुपारी बसले आणि साठ पानं झाली. कशी झाली विचारू नकोस. भात करपला, यांनी तोच वाढून घेतला. तिसऱ्या दिवशी मालती बादली ओढायला वाकली आणि माझीच पाठ दुखायला लागली. इतकी सुखात मी कित्येक वर्षांत नव्हते. तुझ्या जिवाची काळजी होती म्हणून बसले हे खरं, आणि उठवेना हेही खरं.

तुला वाटेल, एवढं येतं तर ताईने सोडलं का? तुझ्याइतकं ते कुणाला ठाऊक आहे? एकोणसत्तर साली माझ्या गोष्टीही परत येत होत्या, स्थळंही येत होती. बाबा म्हणाले, एकदाचा काय तो सातेरीचा कौल लाव आणि मोकळी हो. आपल्याकडे विहीर खणायची तरी देवीला विचारतात, मी लिहिण्याचं विचारलं. नेमकी तेव्हा चार दिवस बाहेर बसलेली, देवळात जाता येईना, म्हणून माझ्यासाठी तू गेलास. देवीला लावलेल्या ओल्या पाकळ्यांतली उजवीकडची आधी पडली तर लिहायचं, डावीकडची पडली तर सोडायचं. तू परत येऊन अंगणातच उभा राहिलास आणि "डावी" म्हणालास. तुझं तोंड इतकं उतरलं होतं की मीच तुझी समजूत घातली. मग पाच वह्या न्हाणीच्या चुलीत घातल्या. पाणी चांगलं कढत झालं.

म्हणून सांगते, लाजू नकोस. देवीने सुशीलेला नको म्हटलंय, गुरुदासला नाही. तुझ्या नावाने लिहायला मला आडकाठी कसली? डिसेंबरात मी हाच विचार करून पेन उचललं. कादंबरी करू. तू सुरुवात पाठव, सुरुवाती तुला झकास येतात. पुढचं माझ्यावर सोड. नाव तुझंच राहू दे, मला फक्त बसू दे.

ताई


शिरगाव,
१० मे १९८७

ताई,

जत्रा होऊन आठवडा झाला. घरात पाहुणे होते, आणि मी तुझं पत्र खिशात घालून फिरत होतो. "मला फक्त बसू दे." हे तू लिहायला नको होतंस. शिव्या दिल्या असत्यास तर मी गप्प राहिलो असतो, जन्मभर.

पाकळी उजवी पडली होती.

धाकू गुरवाला मी एवढंच सांगितलं होतं की एक काम आहे, हात घालू की नको, विचार. त्याने गाऱ्हाणं पुरतं म्हटलंही नव्हतं, आणि उजवीकडची पाकळी टपकन खाली आली. तो हसून म्हणाला, "बरो कौल. बेगीन कर म्हणून सांग." लवकर कर म्हणाला खरा, पण त्याला कामही ठाऊक नव्हतं, कुणाचं तेही नाही. पुढे तो म्हातारा गुरव वारला तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं होतं, इतका मी नीच.

का केलं? त्या सकाळी माझी तिसरी गोष्ट परत आली होती. आणि तुला त्याच संपादकाने चिठ्ठी पाठवली होती, शेवट जरा आवरा, मग छापू म्हणून. तुझी दोन पानं वाचली की मला माझी फाडाविशी वाटत. देवळापासून घरापर्यंत मी स्वतःला सांगत आलो, आठ दिवस तिलाही जरा कळू दे मला कसं वाटतं ते, मग सांगू. दुसऱ्या दिवशी मावशी म्हणाली, पोरीने वह्या जाळल्या. मग कुठल्या तोंडाने सांगणार होतो? पुढे तुझं लग्न झालं, तू हसायला लागलीस, मला वाटलं विसरलीस.

संपादकांना पत्र लिहिलंय की उत्तरार्ध माझा नाही, माझ्या बहिणीचा आहे. पाकीट बंद करून समोर ठेवलंय. पोस्टात टाकायला हात होत नाही. यशोदेला काय सांगू, गावाला काय सांगू? तू सांग ताई, टाकू?

गुरुदास


धारगळ,
७ जून १९८७

गुरुदास,

तुझं पत्र येऊन तीन आठवडे उलटून गेले. यांना मी काही सांगितलं नाही. जेवत का नाहीस विचारलं तेव्हा उकाडा म्हटलं.

पाकीट टाक किंवा टाकू नकोस. मला विचारू नकोस. एकदा माझ्यासाठी तू विचारायला गेलास, तेवढं पुरे.

अठरा वर्षं, गुरुदास. पहिली काही वर्षं भांडी घासताना वाक्यं सुचायची. ती ऐकू येऊ नयेत म्हणून मी मोठ्याने गाणी म्हणायची. सासूबाई सगळ्यांना सांगायच्या, सून आनंदी आहे. दर वर्षी सातेरीची ओटी भरायला जात होते आणि मनातल्या मनात तिला विचारत होते, तुझं मी काय वाईट केलं होतं? ती बिचारी मला कर म्हणाली होती. तिच्याशी मी अठरा वर्षं अबोला धरला, ते तुझ्या पदरात कसं घालू? तुझं पत्र आल्यावर देवळात जाऊन नुसती उभी राहिले. आता धाकूचा मुलगा असतो. त्याने विचारलं, "बाय, कौल लावचो आसा?" मी नको म्हटलं आणि बाहेर आले.

तुला माफ केलेलं नाही. करीन असं वाटत नाही. हे तुला सरळ सांगितलेलं बरं.

पण तुला जे ठाऊक नाही ते लिहिते, कारण हे समजेल असा माणूस मला दुसरा नाही, आणि याचाही मला राग येतो. घरी आल्यावर मी मेज जनेलाकडे ओढलं. नवी वही घेतली. वर स्वतःचं नाव लिहिलं. बसले. आणि काही म्हणता काही सुचेना. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. डिसेंबरात वर तुझं नाव होतं, तेव्हा तीन दुपारांत साठ पानं झाली. माझं नाव लिहिलं आणि हात आखडला. भीती वाटली. वाईट झालं तर ते माझंच वाईट असणार, दुसऱ्या कुणाचं नाही.

एवढी वर्षं मी सांगत आले की देवीने नको म्हटलं, नाहीतर मी लिहिलं असतं. हे म्हणताना किती बरं वाटायचं, ते आता कळतंय. माझं पाकीट परत येत नव्हतं. तू अकरा वेळा पोस्टमनचं ऐकून घेतलंस, मी एकदाही नाही. तू माझं लिहिणं काढून घेतलंस आणि वर मला एक चांगली सबब दिलीस. दोन्हींसाठी मला तुझा सारखाच संताप येतो. आता बोट कुणाकडे दाखवू? तुझ्याकडे दाखवते, खुशाल दाखवते, पण त्याने पान भरत नाही.

परवा शाळा उघडली. गोवा राज्य झालं म्हणून मुलांना पेढे वाटले, वर्गात नुसता गोंगाट. मी फळ्यावर तारीख घातली आणि खडू हातात धरून तशीच उभी राहिले. पोरं गप्प झाली तेव्हा भानावर आले. पुन्हा घरी येऊन बसले.

काल तीन ओळी झाल्या. दोन खोडल्या, एक उरली. ती चांगली आहे की वाईट, मला सांगता येत नाही. लहानपणापासून मी लिहिलेलं पहिलं तुला दाखवत आले, तू हं म्हणालास की पुढे जायची.

ही तुला दाखवणार नाही.

सुशीला